धुराची चव

“...आणि?” गुरू मोक्वान यांनी विचारलं.

“आणि खारीक. अगदी शेवटी, घोट गिळल्यावर.”

“आणि?”

शीलिननं डोळे मिटून दुसरा घोट घेतला. त्याची जीभ डोंगरावरच्या त्या मठात प्रसिद्ध होती, आणि ती प्रसिद्ध आहे हे सर्वांत जास्त त्यालाच ठाऊक होतं.

“ओली माती. जुनं लाकूड. किटलीचं लोखंड... ही पानं खुडली त्या वर्षी पाऊस उशिरा आला होता, गुरुजी.”

दोघांच्या मध्ये चहाची पानं दाबून केलेली वीट होती. काळी, कडक, सात वर्षं मुरलेली. तिचा एक कोपरा सुरीनं फोडून गुरूंनी किटलीत उकळला होता. शेजारी अशा विटांवर उमटवायचा मठाचा लाकडी ठसा होता. चहा चाखून तो नीट उतरला की नाही हे जो सांगेल, त्याच्याच हाती तो ठसा जायचा. आठ वर्षं शीलिनचा जीव त्या ठशात अडकला होता.

“चहात जे आहे ते सगळं सांग,” गुरू म्हणाले होते. “काही सोडू नकोस.”

बाहेरचा कसलाही वास नको, म्हणून शीलिननं आधी दार लावून घेतलं होतं. गुरूंनी उठून ते पुन्हा उघडलं. शीलिनला ते मुळीच आवडलं नव्हतं.

“झालं?”

“झालं, गुरुजी. आणखी काही नाही.”

त्याच वेळी उघड्या दारातून एक बाई आत डोकावली. खेचरांवर मीठ लादून घाट चढून आली होती. घामाघूम.

“बाबा, घोटभर पाणी मिळेल?”

गुरूंनी तिला चहाचा पेला दिला. तिनं तो ओठांशी नेला आणि हसली.

“अगं बाई! केवढा धूर!”

शीलिनला राहवलं नाही. “धूर? यात धूर नाही.”

“नाही कसा? पाइनच्या लाकडाचा आहे. आमच्या चुलीत तेच जळतं.”

“बाई, मी चहा चाखणारा माणूस आहे.”

“असाल हो,” ती म्हणाली. “पण तुमच्या अंगालाही तोच वास येतोय. भट्टीवर तुम्हीच असता ना?”



आठ वर्षं भट्टीवर शीलिनच होता. पाइनची लाकडं तोच सारायचा, धुरावर पानं तोच वाळवायचा.

त्यानं बाही नाकाशी नेली. हुंगली. पुन्हा हुंगली.

काहीच नाही.

बाईनं पेला रिकामा केला, दोन्ही हात जोडले आणि खेचरांना हाकत निघून गेली. घंटांचा आवाज उतारावर बराच वेळ ऐकू येत होता.

शीलिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक परकी बाई एका घोटात जे सांगून गेली, ते त्याला आठ वर्षांत...

“गुरुजी,” तो खाली मान घालून म्हणाला, “मला धूर लागत नाही.”

गुरूंनी ठसा उचलला आणि त्याच्या ओंजळीत ठेवला.

शीलिन बघतच राहिला. “पण मी तर चुकलो!”

“हं.”

“धूर जास्त झाला तर सगळा चहा वाया जातो. आणि मला तो कळतच नाही...”

“मलाही नाही कळत.”

“तुम्हाला? कधीपासून?”

“एकतीस वर्षं झाली.”

किटलीखालचा निखारा तडतडला. शीलिनच्या हातातला ठसा एकदम जड झाला.

“मग गुरुजी... चहा उतरला की नाही, हे तुम्हाला कळतं कसं?”

गुरूंनी बाईचा पेला विसळला, पालथा घातला.

“दार उघडं ठेवतो.”