सूतभर सरकलेला खांब

शपथेवर सांगतो, ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलीय. म्हणजे, तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. फार पूर्वी एका दुमजली घराच्या तळमजल्यावर एक लोखंडी खांब चुळबुळत उभा होता. “सगळे जिना चढतात, मीच का इथे? मलाही वरचा मजला बघायचाय!”

त्याच्या डोक्यावरची तुळई म्हणाली, “अरे बाबा, तू वर आलास की मी खाली येईन!”

तरी त्याने हट्टाने बोल्ट सैल केला आणि सूतभर सरकला. लगेच वरून घरमालकीण सुमतीबाई ओरडल्या, “अहो, पाळण्यामागची भिंत तडकली!”

पाळणा म्हणताच खांब थरथरत जागेवर आला. पुन्हा त्याने कधी चुळबूळ केली नाही.

हे शेवटचं वाक्य मात्र मी पदरचं घातलंय.