तिळीचं तांब्याचं दार

तिळाएवढी मुंगी. नाव तिचं तिळी.

परसात कढीलिंबाचं झाड. झाडाच्या बुडाशी तिळीचं घर. घराला दार. दार कशाचं? पैशाचं!

जुना भोकाचा पैसा. तांब्याचा. गोल गोल. मधोमध भोक. कधीतरी कुणाच्या तरी खिशातून पडलेला.

भोकातून तिळी आत. भोकातून तिळी बाहेर. तुरुतुरु तुरुतुरु.

घरात तिळीच्या बहिणी. घरात इवली इवली बाळं. आणि बाहेर? बाहेर गोम! ढीगभर पायांची. सरसर सरसर. पण गोम काही भोकात मावायची नाही.

मुंगीला कशाला हवं दार, असं कुणी विचारू नये. आपल्या घराला नाही का?

एके दिवशी नाना आले खुरपं घेऊन. गवत काढायला. खर्र खर्र. खर्र खर्र.

"अरेच्चा! भोकाचा पैसा!" नाना ओरडले. "वीस वर्षं शोधतोय!"

पैसा उचलला. सदऱ्याला पुसला. चालले घरात.

नानांना जुन्या नाण्यांचं भारी वेड. सगळ्या आळीला ठाऊक. त्यांची एक जाडजूड वही. वहीला कप्पे. एका कप्प्यात एक नाणं. पैसा गेला कप्प्यात!

तिळी घरी आली. बघते तर काय? दार नाही!

बहिणी म्हणाल्या, "तिळे, आम्ही दारात डोकी लावून उभ्या राहतो. तू जा. दार घेऊन ये. आणि रमू नकोस हं कुठे!"

तिळी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आली नानांकडे.

"नाना नाना, पैसा द्या. माझं दार मला!
घर उघडं, दार नाही.
बाळं आत, गोम बाहेर!"

नाना म्हणाले, "छे छे! कप्पा रिकामा पडेल ना! त्यात घालायला दुसरं नाणं आण. दहा पैशाचं, फुलासारख्या काठाचं. हौसा भाजीवालीकडे आहे. मी दहादा मागितलं. देतच नाही बाई!"

तिळी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आली हौसामावशीकडे.

"मावशी मावशी, नाणं दे.
नाणं नानांना,
माझं दार मला!
घर उघडं, दार नाही.
बाळं आत, गोम बाहेर!"

मावशी म्हणाली, "या दहा पैशाला आता कोथिंबिरीची काडी येत नाही. पण माझ्या तराजूचं एक पारडं हलकं. त्याच्या खाली चिकटवलंय मी ते. काढलं की तराजू तिरका! लोक म्हणतील, हौसा लबाड! तेवढ्याच वजनाची लोखंडी कडी आण. मग देते."

तिळी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आली लोहारदादाकडे.

"दादा दादा, कडी दे.
कडी मावशीला,
नाणं नानांना,
माझं दार मला!
घर उघडं, दार नाही.
बाळं आत, गोम बाहेर!"

लोहारदादा म्हणाला, "कडी कशी वळू? भाता फाटलाय. हवा सगळी फुस्स! विस्तव पेटेना. मोचीकाकांना सांग, भात्याला टाका घाला. मग देतो."

तिळी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आली मोचीकाकांकडे.

"काका काका, टाका घाला.
टाका भात्याला,
कडी मावशीला,
नाणं नानांना,
माझं दार मला!
घर उघडं, दार नाही.
बाळं आत, गोम बाहेर!"

मोचीकाका म्हणाले, "आरी आहे. दोरा आहे. मेण कुठाय? बिनमेणाचा टाका दोन दिवसांत उसवतो. मग नाव कुणाचं खराब? माझं! मधमाशीकडून मेण आण. मग घालतो."

तिळी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आली माशीताईकडे.

"ताई ताई, मेण दे.
मेण काकांना,
टाका भात्याला,
कडी मावशीला,
नाणं नानांना,
माझं दार मला!
घर उघडं, दार नाही.
बाळं आत, गोम बाहेर!"

माशीताई म्हणाली, "गुंऽऽ! मेण काय वाटेवर पडतं? आधी फूल. मग मध. मग मेण. भोपळ्याच्या वेलाला सांग, फूल उमलव. मग देते."

तिळी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. पाय दुखले. तरी निघाली. आली वेलाकडे.

"वेला वेला, फूल दे.
फूल ताईला,
मेण काकांना,
टाका भात्याला,
कडी मावशीला,
नाणं नानांना,
माझं दार मला!
घर उघडं, दार नाही.
बाळं आत, गोम बाहेर!"

वेल म्हणाला, "कुठून देऊ? माती बघ माझी. दगड झालाय! घोटभर पाणी खाली उतरेना. आधी माती मोकळी कर. मग देतो."

तिळी म्हणाली, "आता मी कुणाकडे जाऊ?"

वेल हसला. "कुणाकडे म्हणजे? तुझं घर कुणी खणलं गं?"

"मी!"

"मग?"

तिळीनं डोकं खाजवलं. अगंबाई, खरंच की!

तिळी लागली कामाला. एक कण उचल. बाजूला ठेव. दुसरा कण उचल. बाजूला ठेव. कण कण. कण कण. खाली, खाली, आणखी खाली. इकडे भोक. तिकडे भोक. माती झाली भुसभुशीत!

पाणी गेलं खाली. गटक गटक! वेल ताजा झाला.

वेलानं उमलवलं फूल. पिवळं धम्मक!
फूल मिळालं ताईला. ताईनं दिलं मेण.
मेण मिळालं काकांना. काकांनी घातला टाका.
टाका बसला भात्याला. भाता झाला भस्स भस्स! विस्तव पेटला लाल लाल. ठण ठण ठण! दादानं दिली कडी.
कडी मिळाली मावशीला. मावशीनं ती पारड्याला लावली. तराजू अगदी सरळ! मावशीनं दिलं नाणं.

नाण्याचा काठ वेडावाकडा. गडगडेना. तिळीनं ढकललं. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. आणलं नानांकडे.

नाना बसले होते कपाळाला हात लावून. समोर त्यांची बायको, काकू.

काकू म्हणत होत्या, "अहो, तांब्याचं ते. काळं मिट्ट झालेलं. लावली चिंच आणि घासलं!"

नाना म्हणत होते, "अगं, जुनं नाणं घासायचं नसतं! त्याचा जुनेपणा गेला ना सगळा!"

"मग घाण तशीच ठेवायची?" काकू म्हणाल्या.

भोकाचा पैसा नुसता लखलखत होता. आरशासारखा!

तिळी म्हणाली,

"नाना नाना, नाणं घ्या. माझं दार मला!
घर उघडं, दार नाही.
बाळं आत, गोम बाहेर!"

नानांनी नाणं बघितलं. दहा पैसे! फुलासारखा काठ! नाना एकदम खूश. नाणं गेलं कप्प्यात.

"हे घासलंस तर बघ!" नाना काकूंना म्हणाले. मग तिळीला म्हणाले, "घे बाई तुझं दार. पळ!"

तिळी पळाली. पैसा पुढे, तिळी मागे. गडगड गडगड. तुरुतुरु तुरुतुरु.

घराशी येते तर काय? बहिणी दमलेल्या. डोकी वाकलेली. आणि गोम अगदी जवळ आलेली! सरसर सरसर.

"सरका गं बाजूला!" तिळी ओरडली. बहिणी पटकन आत गेल्या.

पैसा पडला. धप्प! दार बसलं.

गोमेनं दाराजवळ तोंड नेलं. दार लख्ख. दारात दिसली दुसरी गोम! तिलाही मिशा. तिलाही ढीगभर पाय. तीही बघतेय डोळे वटारून!

"आई गं! इथे आधीच कुणी राहतं वाटतं!" गोम म्हणाली. आणि पळाली. सरसर सरसर, सरसर सरसर, पार कुंपणापलीकडे.

आत बाळं झोपली गाढ.

तिळी शिरली भोकातून आत. गोष्टीनं लावून घेतलं दार.