मासळी धक्क्यावरचा खांब

"...मग पाणी शिरतंय तरी कुठून, चाचा?"

कासमचाचा मुकादम दर्ग्याच्या पायरीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. खाडीकाठच्या त्या गावातली निम्मी वायरिंग त्यांच्या हातची. रोहिदास तांडेल त्यांच्याच हाताखाली शिकला होता. आता त्याच्याकडे लायसन होतं, बाजारात दुकान होतं, आणि बऱ्याच वर्षांत तो इकडे फिरकला नव्हता.

"बस."

रोहिदास बसला नाही. पायरीपुढे नुसता येरझाऱ्या घालत राहिला.

मासळी धक्क्यावरच्या दिव्याच्या खांबाला त्याने विजेच्या जोडण्यांची पेटी बसवली होती. चांगली वॉटरप्रूफ, झाकणाला रबर. मागच्या आठवड्यात चांगुणाबाई टोपली उतरवताना त्या लोखंडी खांबाला टेकली आणि लांब फेकली गेली. जीव वाचला. उजव्या हाताची मूठ मात्र अजून वळत नव्हती.

"त्यानंतर मी सगळे सांधे सिलिकॉनने बुजवले. मुंगी शिरणार नाही. आज उघडून बघतो तर तळाला पुन्हा पाणी."

"चांगुणाला भेटलास?"

"आधी पेटीचं बघू म्हटलं..."

चाचा उठले. "चल."

धक्क्यावर लिलाव संपला होता. सिमेंट ओलं होतं, बर्फाचं पाणी वाहत होतं. पलीकडे शेडमध्ये चांगुणाबाई डाव्या हाताने कोळंबी निवडत बसली होती. रोहिदासने तिकडे पाहिलं नाही.

"मेन काढ."

त्याने काढला.

"आता बूट काढ."

"मेन काढलाय ना, चाचा."

"तिच्या पायात काय होतं?"

रोहिदासने रबरी बूट काढले. अनवाणी पाय ओल्या सिमेंटवर टेकले आणि त्याच्या पोटऱ्या आखडल्या. वीज बंद होती. त्यानेच बंद केली होती. तरी तो मागे वळला, मेन पुन्हा बघून आला, आणि पेटी उघडून तारेला टेस्टर लावला.



तळाला पाणी साचलं होतं. गळलेली वीज जमिनीत उतरवणारा अर्थिंगचा जोड त्या पाण्यात गंजून गेला होता. बोट लावताच तार सुटून हातात आली. रोहिदास तिच्याकडे बघत राहिला.

"ड्रिल दे," चाचा म्हणाले, आणि त्यांनी पेटीच्या बुडाला टोक लावलं.

"चाचा, पेटी वॉटरप्रूफ आहे."

"हो."

भोक पडलं. थेंब थेंब करत पाणी त्यांच्या बोटांवरून खाली गेलं.

"दुपारी पेटी तापते, रात्री निवते. आतल्या हवेचंच पाणी होतं. तू त्याला बाहेर जायला जागा ठेवली नाहीस."

"मी तर सगळं बंद केलं होतं..."

"तेच म्हणतोय."

पुढचं काम रोहिदासने न विचारता केलं. वरून घेतलेली केबल काढून खालून घातली. अर्थिंगची तार नवी ओढली, जोड तळापासून उंच घेतला. वीज कुठे गळली की आपोआप पडणारा ब्रेकर मेनजवळ बसवला. तो त्याने पहिल्या वेळी, एका दिव्याला कशाला, म्हणून टाळला होता. मग मेन चढवला. भर उन्हात दिवा फिकट पेटला.

शेडमधून आवाज आला.

"झालं का रे, रोहिदास? टेकू का आता खांबाला?"

त्याच्या तोंडातून हो निघेना. त्याने खांबाला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा लागला नाही. पुन्हा लावला. मग श्वास रोखून, अनवाणी उभ्या उभ्या, हाताची मागली बाजू लोखंडाला टेकवली.

...

काही झालं नाही.

तो शेडपर्यंत चालत गेला. चांगुणाबाईसमोर उकिडवा बसला.

"टेका, काकी. चूक माझी होती."

तिने त्याच्याकडे बघितलं, खांबाकडे बघितलं. "उद्या बघू," म्हणाली आणि कोळंबी निवडू लागली.

रोहिदास परत आला, तेव्हा चाचा पक्कड पुसत होते. त्याने हात छातीवर ठेवला.

"चाचा, काम बरोबर झालंय. मला माहीत आहे. मग ही धडधड का थांबत नाही? कधी जायची ही?"

चाचांनी पक्कड त्याच्या हातात दिली.

"ज्या दिवशी जाईल, त्या दिवशी ही पक्कड कायमची खाली ठेव."