भिकाशेठच्या जीपचं लिंबू

गोष्ट फार जुनी नाही, पण भिकाशेठची जीप फार जुनी होती. दर शनिवारी शेठ तिच्या बंपरला ताजं लिंबू-मिरची बांधायचे. ब्रेकपॅड मात्र त्यांनी कधीच बदलला नव्हता.

झिजून पापड झालेला ब्रेकपॅड चाकातून किंचाळायचा, "शेठ, मी संपत आलोय हो!" शेठ टेपचा आवाज वाढवायचे.

प्रत्येक नवं लिंबू आल्या आल्या ब्रेकपॅडला दटावायचं, "गप रे! गाडी सांभाळायला मी आहे ना!"

एकदा उताराच्या तळाशी एक म्हैस रस्त्यात आडवी बसली होती. शेठनी करकचून ब्रेक दाबला. पॅड संपलेलाच होता. लोखंडावर लोखंड असं काही खरवडलं की म्हैस ताडकन उठून पळाली आणि जीप थेट उकिरड्यात घुसली. लिंबाचं जागच्या जागी सरबत झालं.

मिशीतलं शेण पुसत शेठ म्हणाले, "लिंबू होतं म्हणून वाचलो!" पुढच्या शनिवारी त्यांनी दोन लिंबं बांधली.

म्हैस मात्र आता लांबून किंचाळी ऐकू आली, की मुकाट्याने रस्ता सोडते. अख्ख्या गावात ब्रेकपॅडचं ऐकणारी ती एकटीच.