पूजेतली स्प्रिंग

"पूजेत मांडलेली वस्तू दशमीच्या आधी उचलली, तर दोष कुणाला लागतो?"

सोमगिरीबाबा झेंडूची माळ ओवत होते. सुईतले फूल त्यांनी दोऱ्यावर पुढे सरकवले.

"कोणती वस्तू?"

"कोणतीही. तत्त्व म्हणून विचारतोय."

"तत्त्व म्हणून कुणी काही उचलत नाही, विश्वंभर."

बाबांचा शिष्य विश्वंभर देवापुढच्या पाटाकडे पाहू लागला.

खंडेनवमीचा दिवस होता. घाटमाथ्यावरच्या त्या लहानशा मठात कोयते, कुदळी, विळी आणि जीपचे पाने देवापुढे पाटावर मांडलेले होते. उद्या दसऱ्याची आरती होईपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नव्हता. जीप तेवढी पूजेतून वगळली होती, कारण दुपारी धनगरवाड्यातल्या हौसाबाईंना डायलिसिससाठी विश्वंभराने तालुक्याला न्यायचे होते.

नियम मोडू नये याची काळजी सकाळपासून सर्वांत जास्त विश्वंभरानेच वाहिली होती. स्वयंपाकघरातल्या अनसूयाकाकूंनी भोपळा चिरायला विळी मागितली, तेव्हा त्याने त्यांना उभ्या उभ्या दोन श्लोक ऐकवले. काकूंनी मुकाट्याने भोपळा पायरीवर आपटून फोडला होता.

आणि जीपच्या मागच्या चाकांचे ब्रेक काल त्यानेच उघडले होते. घाटाखालचा मिस्त्री वर यायला तयार होता. ज्याने व्याकरण पचवले त्याला चार स्क्रूंचे काय अवघड, असे म्हणून विश्वंभराने त्याला नको म्हटले. मोबाईलवर पाहून त्याने झिजलेल्या घासपट्ट्यांच्या जागी नवे लायनर बसवले, चाके चढवली, अंगणात एक फेरी मारली. बाबा पाहत होते. ते काही बोलले नाहीत. त्यालाच शाबासकी समजून तो शांत झोपला.

आज पूजेच्या आधी त्याने कालचे सुटे भाग धुतलेला रॉकेलचा वाडगा उपडा केला, तेव्हा तळाशी एक स्प्रिंग निघाली. बोटभर लांब, दोन्ही टोकांना आकडे. ब्रेक दाबून झाल्यावर चाकाला आतून दाबणारे ब्रेकचे जोडे मागे ओढणारी. ती नसली तर ब्रेक चाकाला घासत राहतो, तापतो, आणि तापलेला ब्रेक उतारावर धरत नाही. एवढे त्याला ठाऊक होते.

तेवढ्यात घंटा वाजली. माणसे जमली होती. बाबांच्या हातात कुंकवाचा करंडा होता. काय करावे ते न सुचून विश्वंभराने ती स्प्रिंग पान्यांच्या रांगेत ठेवून दिली.

बाबांनी तिला कुंकू लावले, वर एक फूल वाहिले. सगळ्यांनी नमस्कार केला. त्यानेही केला.

नंतर गोठ्यामागे जाऊन त्याने मिस्त्रीला फोन लावला होता. मिस्त्री हसला. काल बोलावले असतेत तर धावत आलो असतो, म्हणाला. आज माझेही पाने देवापुढे आहेत, आणि हा नियम मला मागच्या वर्षी तुम्हीच समजावून सांगितलात.

हौसाबाई आता ओसरीच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. डायलिसिसची मागची पाळी दरड कोसळल्यामुळे चुकली होती. ही चुकवता येणार नव्हती.

"प्राणसंकटात नियमाला अपवाद आहे," विश्वंभर म्हणाला.

"आहे."

"पण संकट आहे की नाही, हेच निश्चित नसेल तर?"

"कुणाचे प्राण?"

मनातल्या मनात विश्वंभर हिशेब मांडत होता. अंगणात गाडी नीट थांबली होती. कदाचित एका स्प्रिंगवाचून चालत असेल. पहिल्या गिअरमध्ये, अगदी हळू उतरले, दोन वळणांनंतर थांबून चाकाला हात लावून पाहिला, तर... आणि हे सगळे कुणाला कळण्याचे कारणही नव्हते.

बाबांनी माळेला गाठ मारली. उठले. खांद्यावर घोंगडी टाकली, अंगण ओलांडले आणि जीपच्या मागच्या बाकावर जाऊन बसले.

विश्वंभर धावत गेला.

"बाबा, तुम्ही कुठे?"

"तालुक्याला."

"तुम्ही नका येऊ."

"का?"

"घाट आहे. तुमचं वय... गाडी..."

"गाडीचं काय?"

"तुम्ही उतरा, बाबा."

बाबांनी पायरीवरच्या हौसाबाईंकडे पाहिले. मग त्याच्याकडे.

"आणि ती बसली तर चालेल?"

जीपचे दार धरून विश्वंभर खाली मान घालून उभा राहिला. मग बोलला: वाडगा, स्प्रिंग, पाट, कुंकू, फोन. ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने, काहीही न वगळता.

"प्रायश्चित्त सांगा," तो शेवटी म्हणाला. "किती जप करू?"

"कोणत्या चाकातली आहे ती?"

"...माहीत नाही."

"मग दोन्ही उघड."

तो देवापुढे गेला. पाने उचलले, स्प्रिंग उचलली. अनसूयाकाकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"माझी विळी तेवढी देवाची होय रे?"

"चुकलो, काकू."

काकूंनी एकदा त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. अंगणात जाऊन त्यांनी पुढच्या चाकांना दगडांचे अडण लावले, आणि परत जाताना पाटावरची विळी उचलून घेऊन गेल्या.

विश्वंभर हौसाबाईंपुढे उकिडवा बसला. हे बोलणे बाबांशी बोलण्याहून अवघड होते.

"मावशी, काल माझ्या हातून ब्रेकमध्ये चूक राहिली. मला सकाळीच कळलं होतं. मी सांगितलं नाही."

हौसाबाईंनी पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली.

"आता बसिवतोस न्हवं?"

"बसवतो."

"मग बसीव की. माझ्या तोंडाकडं काय बघतोस?"

उजवे चाक उघडले. आत सगळे जागेवर होते. ते त्याने पुन्हा बंद केले. डावे उघडले. खालच्या बाजूला दोन रिकामी भोके समोरासमोर होती. कुंकवाने बोटे निसटू नयेत म्हणून त्याने स्प्रिंग धोतराला पुसली, मग पक्कडीने ताणून आकडे अडकवले. ओढून पाहिले. पुन्हा ओढून पाहिले. चाक चढवले, एकदा उतरवून आत डोकावले आणि परत चढवले. अडण काढून अंगणाच्या उतारावर गाडी सोडली, ब्रेक दाबला. मातीत दोन्ही चाकांचे ओरखडे सारखे उमटले. पाचसहा फेऱ्या मारून त्याने चाकांना हात लावला. दोन्ही थंड होती.

हौसाबाई बाबांच्या शेजारी चढून बसल्या.

विश्वंभराने किल्ली घातली. फिरवली नाही. समोर फाटकापलीकडे रस्ता वळून दरीच्या कडेने खाली जात होता.

"बाबा..."

"हं."

"खालच्या वाडीतल्या कुणाला तरी बोलावतो. दुसरं कुणी चालवू दे."

"काही राहिलंय का?"

"नाही. सगळं तपासलं. आता बरोबर आहे असं वाटतं." तो थांबला. "पण कालही असंच वाटलं होतं."

मागून हौसाबाईंचा जड श्वास ऐकू येत होता.

"काल भीती वाटली होती?"

"नाही, बाबा. आज वाटतेय."

बाबांनी दार ओढून घेतले.

"मग आज तूच चालव."