स्वच्छ वाटी

माणूस समुद्र काचेच्या टाकीत भरून घरी आणू लागला, त्या काळची ही गोष्ट. अशाच एका टाकीच्या कोपऱ्यात एक स्किमर, म्हणजे पाणी साफ करणारं यंत्र, राहायचा. पाण्यातली घाण फेसाबरोबर नळीतून वर चढवायची आणि माथ्यावरच्या वाटीत साठवायची, हे त्याचं काम. दर रविवारी टाकीच्या मालकीणबाई वसुधाताई ती काळी वाटी आणि नळी धुवायच्या.

"शी! आमच्यात एवढा घाणेरडा तूच," पिवळा मासा रोज नाक मुरडायचा. ते स्किमरच्या मनाला लागलं. एके दिवशी त्याने फेस अर्ध्यावरूनच परतवायला सुरुवात केली. वाटी लख्ख राहिली. रविवारी वसुधाताईंनी वाकून वाटी पाहिली. "वा, पाणी अगदी स्वच्छ आहे!" म्हणाल्या आणि न धुताच गेल्या. पुढच्या रविवारीही तेच. मासा आता गोड बोलू लागला होता.

तिसऱ्या आठवड्यात तोच मासा वर तोंड काढून धापा टाकू लागला. दगडाखालची म्हातारी कोळंबी तर हलेचना. घाबरून स्किमरने सगळा जोर लावला, पण नळीत चिकट थर बसला होता. फेस आता चढायलाच तयार नव्हता.

मेलेली कोळंबी बाहेर काढल्यावर वसुधाताईंनी नळीत बोट फिरवलं. "अरे देवा, मी नुसती वाटीच बघत राहिले!" त्यांनी नळी घासून काढली. संध्याकाळपर्यंत वाटी काठोकाठ काळी झाली.

तेव्हापासून रोज सकाळी पिवळा मासा दगडाखालच्या रिकाम्या जागेवरून पोहत वर येतो आणि हळूच विचारतो, "दादा, भरली का रे वाटी?"