गालावरची तीट

“धडधाकट पोराला सुई कशाला, बाबा?”

टेकडीवरच्या दर्ग्यात कासमबाबांसमोर भानुदास पैलवान आपल्या लहानग्याला कडेवर घेऊन उभा होता. बाबांचा जुना चेला, आणि हे तो गावभर सांगायचाही. भल्याभल्यांना आस्मान दाखवलेला हा गडी त्या दिवशी आतून पार हादरला होता.

खाली शाळेत नर्सबाई लस देत होत्या. बायको तिकडेच निघालेली. यानं तिच्या हातातून पोर काढून घेतलं आणि थेट इथं आणलं.

“नर्सबाई म्हणतात, न्यूमोनियाचा जंतू पोरांच्या नाकात बसतो. पोराला काहीच होत नाही, तरी बसतो म्हणे; सुई दिली की सहसा बसत नाही. असं कुठं असतंय?”

बाबांनी पोराच्या डोक्यावर हात ठेवला.

“माझी आई दवाखान्यात आहे. छाती भरलीय, श्वास पुरत नाही. गेल्या थंडीत आबा असेच गेले... लई भ्या वाटतंय, बाबा. पाण्यावर फुंकर घाला. तिला पाजतो.”

बाबांनी पाण्याची वाटी ओढली... फुंकर मात्र घातली नाही.

“आई कुणाजवळ झोपते?”

“याच्याजवळ. आजीशिवाय याचा डोळा लागत नाही.”

“खाते काय?”

“याचं उष्टं. टाकवत नाही तिला.”

“पोर आजारी होतं?”

“छे. नाक तेवढं वाहत होतं.”

बाबांची नजर त्याच्या गालावर गेली.

“तुझ्या गालाला काळं कसलं?”

भानुदासनं गाल चाचपला. बोट काळं झालं.

“याची तीट लागली वाटतं. दृष्ट लागू नये म्हणून बायकोनं लावलीय.”

“कधी लागली?”

“काय की. कळलंच नाही.”

“त्याला कळलं?”

पोर खुदकन हसलं आणि बापाच्या मानेत तोंड खुपसून बसलं.

पोराला उराशी धरावं की लांब करावं, भानुदासला समजेना.

“बाबा... हे यानं केलं? माझ्या पोरानं?”

“त्याला कशाला बोल लावतोस? आई घरी कधी येणार?”

“वाचली तर... परवा.”

“आणि झोपणार कुठं?”

भानुदासनं वाटी बाबांपुढं सरकवली. “तिच्यासाठी एक फुंकर तरी घाला, बाबा.”

बाबांनी वाटी पालथी केली. खाली शाळेकडे बोट दाखवलं.

“तुझ्या आईची सुई तिकडं आहे. पोराला घेऊन जा.”